अंगणातलं हिमशिखर: किल्ल्याच्या मातीत शिवलिंग आणि गोमुख

दसरा झाला की बेळगावच्या गल्ल्यांमध्ये लाल मातीचे ढीग पडतात. शहापूर, वडगाव, अनगोळपासून खाली खानापूरपर्यंत आणि वर निपाणीपर्यंत पोरं किल्ल्याच्या मागे लागतात. तीच माती, तेवढीच जागा आणि तेच गोणपाट वापरून गढवालातलं शिवलिंग शिखर आणि त्याच्या पायथ्याची गंगोत्री हिमनदी उभी करता येते. मोजमापासकट आणि भूगोलाच्या मास्तरांनी बोट ठेवावं अशी चूक न राहता. स्पर्धेत 'किल्लाच हवा' अशी अट असेल तर हे काम शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी राखून ठेवा. पद्धत तीच.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की करा. किल्ला रचतात, हिमशिखर कोरतात. महिपालगड, पारगड, सामानगड हे सगळे बेसॉल्टच्या आडव्या थरांवर बसलेले आहेत. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि माथा सपाट असतो. आपल्या हातांना तीच सवय लागलेली असते, म्हणून ढीग करायचा, कडेने थापायचं आणि वर पठार ठेवायचं. शिवलिंगाला आकार आला तो बर्फाने चारी बाजूंनी खरवडून नेल्यावर जे उरलं त्यातून. ढीग रचून टोक काढलंत तर ते वारुळासारखं दिसतं, मग वर कितीही चुना शिंपडा.

मोजमाप

जागा ४ फूट बाय ४ फूट धरा, म्हणजे १२० सेंमी बाय १२० सेंमी. प्रमाण १:१०,०००. याचा फायदा असा की १ सेंमी म्हणजे बरोबर १०० मीटर, आणि सगळा हिशेब तोंडी होतो. १२ किमी बाय १२ किमीचा चौकोन यात बसतो. चौकटीच्या कडा साधारण अशा घ्या: उत्तर अक्षांश ३०.८३५ ते ३०.९४३ आणि पूर्व रेखांश ७९.०१५ ते ७९.१४१. या चौकटीत गोमुख, म्हणजे हिमनदीचं टोक जिथून भागीरथी निघते, उत्तर कडेपासून सुमारे २० सेंमीवर येतं. शिवलिंग उत्तर कडेपासून सुमारे ७० सेंमी आणि पश्चिम कडेपासून ४७ सेंमीवर येतं. पश्चिमेला मेरू आणि पूर्वेला हिमनदीपलीकडची भागीरथी शिखरं दिसतात. उरलेल्या जागेत दक्षिणेकडून येणारा कीर्ती बामक आणि ईशान्य कोपऱ्यात रक्तवर्ण व चतुरंगी बामकांची खालची टोकं येतात. गढवालात हिमनदीला बामक म्हणतात. फलकावर हेच नाव लिहा.

तळाची पातळी समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटर धरा. म्हणजे कुठल्याही जागेची प्रतिकृतीतली उंची काढायला खऱ्या उंचीतून ३,८०० वजा करायचे आणि १०० ने भागायचं. शिवलिंगाचं मुख्य शिखर ६,५४३ मीटर, म्हणजे २७.४ सेंमी. त्याच्या नैर्ऋत्येचं दुसरं टोक ६,५०१ मीटर, म्हणजे २७ सेंमी. भागीरथी-२ आहे ६,५१२ मीटर, २७.१ सेंमी. मेरूचं दक्षिण शिखर ६,६६० मीटर, म्हणजे २८.६ सेंमी. बघणारे इथे हमखास वाद घालतात, पण या चौकटीत मेरू शिवलिंगापेक्षा सव्वा सेंमीने उंचच आहे. शिवलिंगाचा दबदबा त्याच्या आकारामुळे आहे. गोमुख साधारण ४,००० मीटरवर, म्हणून २ सेंमी. शिवलिंगाच्या पायथ्याचा तपोवनाचा माळ ४,४०० मीटरच्या आसपास, म्हणून ६ सेंमी.

उंची आणि रुंदीचं प्रमाण एकच ठेवा. शाळेच्या प्रतिकृतींमध्ये 'उठाव दिसावा' म्हणून उंची दुप्पट करायची पद्धत आहे. सह्याद्रीसाठी ती खपून जाते. इथे तिने सगळं बिघडतं, कारण ३० अंशांचा उतार ४९ अंशांचा होतो आणि ६० अंशांचा कडा ७४ अंशांचा. मग बर्फ जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, माती ढासळते, आणि सौम्य हिमनदीसुद्धा घसरगुंडीसारखी दिसते. खरा उठाव या शिखरांत मुळातच भरपूर आहे. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, म्हणजे या प्रमाणात तो जेमतेम अर्धा सेंमी भरेल. तपोवनाच्या माळावरून शिवलिंग २१ सेंमी उठतं.

नकाशा आणि काड्या

चीन सीमेजवळच्या या भागाच्या टोपोशीट (सरकारी समोच्च नकाशे) मिळवायच्या फंदात पडू नका. उंचीची उपग्रह-आकडेवारी फुकट मिळते. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-योजनेची, दर ३० मीटरला एक उंची देणारी घेतलीत तर उत्तम. जुनी एसआरटीएम (फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या मोहिमेतली) चालेल, पण अशा उभ्या कड्यांवर तिच्यात खड्डे आणि चुकीचे आकडे जास्त असतात. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, फाइल त्यात घ्या आणि पहिलं काम म्हणून ती यूटीएम झोन ४४ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात बदला. हे विसरलं तर नकाशा अंशांमध्येच राहतो. या अक्षांशावर रेखांशाचा १ अंश साधारण ९५.५ किमी आणि अक्षांशाचा १ अंश साधारण १११ किमी असतो. त्यामुळे डोंगर पूर्व-पश्चिम ताणला जातो आणि शिवलिंग जाडजूड होतं. चूक लक्षात येते ती माती लावून झाल्यावर.

मग रास्टर मेनूतून १०० मीटर अंतराच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) काढा, प्रिंट लेआउटमध्ये प्रमाण १०००० टाका आणि छापा. ए-४ कागदावर छापलं तर ३५ पानं चिकटवावी लागतात आणि जोड सरकतात. आर्किटेक्टचे नकाशे काढणाऱ्या प्लॉटरवर ६० बाय १२० सेंमीच्या दोन पट्ट्या छापून घ्या. छापून आल्यावर पट्टी लावून बघा. नकाशावरचा १ किमी बरोबर १० सेंमी भरला पाहिजे. दुकानदाराने 'पानात बसवा' हा पर्याय दाबलेला असेल तर तो ९.६ किंवा ९.७ भरतो.

नकाशावर १० सेंमीची जाळी आखा. १३ गुणिले १३, म्हणजे १६९ छेदबिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूची उंची सॉफ्टवेअरमधून काढा किंवा समोच्च रेषांवरून हाताने वाचा. हाताने वाचायला वेळ लागतो, पण ते करणाऱ्याला डोंगर कळतो. दहावीची पोरं असतील तर त्यांच्याकडून हाताने करून घ्या.

प्रत्येक बिंदूला एक काडी लागेल. बांबूच्या चोया सगळ्यांत बऱ्या. खराट्याच्या काड्याही चालतात, पण ओल्या मातीत त्या वाकतात. काडीची लांबी म्हणजे त्या बिंदूची प्रतिकृतीतली उंची अधिक ३ सेंमी. ते ३ सेंमी तळात रुतवायला. उदाहरणार्थ ५,२४० मीटरचा बिंदू असेल तर १४.४ अधिक ३, म्हणजे १७.४ सेंमी. काडीचं वरचं १ सेंमी लाल ऑइल पेंटमध्ये बुडवा आणि खालच्या टोकाला रांग-ओळीचा क्रमांक लिहा. हा लाल भाग पुढे फार उपयोगी पडतो. तो दिसेनासा झाला म्हणजे माती जास्त झाली, आणि लाल रंगाखालची काडी उघडी पडली म्हणजे कोरणं जास्त झालं.

नुसत्या जाळीवर भागत नाही. १० सेंमी म्हणजे १ किमी, आणि त्या अंतरात आख्खं शिखर हरवतं. म्हणून जास्तीच्या साठेक काड्या शिखरांवर, धारांवरच्या उंच-सखल जागांवर, खिंडींवर आणि दऱ्यांच्या मध्यरेषेवर लावा. शिवलिंगाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या काड्या हव्यातच. गोमुखाच्या बाजूने बघताना एकच सुळका दिसतो, त्यामुळे फोटो बघून काम करणारे दुसरं टोक आणि मधली खिंड विसरतात. मागून बघितल्यावर मग ते शिवलिंग राहत नाही.

माती

जागा सपाट करा, गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने चारही कोपरे एका पातळीत आणा आणि ३ सेंमी जाडीचा मातीचा तळ ठोकून घ्या. तळ एका बाजूला १ सेंमीने कलला तरी त्या बाजूची सगळी उंची १०० मीटरने चुकते. शक्य असेल तर होकायंत्राने प्रतिकृतीची उत्तर खऱ्या उत्तरेला लावा. कारण पुढे येईल.

या आकाराला एकूण साधारण ६ घनफूट भराव लागतो. सगळी माती वापरलीत तर वजन पावणेतीनशे किलोच्या वर जाईल आणि आठ दिवस वाळणार नाही. आतला दोन तृतीयांश भाग पन्नासेक अर्ध्या विटा, चिऱ्याचे तुकडे आणि फुटकी कौलं यांनी भरा. ही भर काड्यांच्या टोकांपासून निदान ४ सेंमी खाली राहू द्या. दऱ्यांच्या जागी तर ६ सेंमी खाली, नाहीतर कोरताना हत्यार विटेवर आपटतं. त्यावर मातीच्या पातळ राड्यात बुडवलेलं गोणपाट पसरा. रविवार पेठेत धान्याची रिकामी पोती मिळतात. एक पोतं उसवलं की बराच भाग झाकला जातो. गोणपाट काड्यांवर टोचून खाली दाबा, तंबूसारखं ताणलेलं ठेवू नका. खाली पोकळी राहिली की वरची माती नेमकी तिथेच बसते.

मातीचं मिश्रण: वाळूच्या चाळणीतून चाळलेली लाल माती ३ भाग, शाडू १ भाग, भाताचं तूस किंवा बारीक भुसा अर्धा भाग. एकूण सात-आठ घमेली पुरतात. नुसती लाल माती वाळल्यावर भुरभुरते आणि धारा टिकत नाहीत. नुसता शाडू महाग पडतो आणि जाड थरात तडकतो. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती घेऊच नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, आणि दुसऱ्या दिवशी शिवलिंगावर बोटभर भेगा पडतात. मिश्रण रात्रभर मुरवा आणि सकाळी पायाने तुडवा. भाकरीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट हवं.

मातीचा थर काड्यांच्या टोकांपर्यंत चढवा. या टप्प्यावर डोंगर ओबडधोबड आणि गुबगुबीत दिसला तरी चालेल. शिखरांच्या जागी मुद्दाम थोडी जास्त माती ठेवा. ओलं गोणपाट झाकून एक दिवस तसंच राहू द्या. बोट दाबलं तर ठसा उमटावा, पण बोटाला माती लागू नये, अशी अवस्था आली की कोरायला घ्या. त्याआधी घेतलं तर धारा लोळतात, उशीर केला तर माती कपचे उडवते.

कोरकाम

इथे घाई करू नका. सगळं यश या एका दिवसात आहे.

पहिल्यांदा हिमगव्हरं. शिखराच्या अंगावर जिथे बर्फ साठतो तिथे तो मागचा खडक उपटतो आणि खालचा तळ घासतो. त्यातून खुर्चीच्या बैठकीसारखा खोलगा तयार होतो. मागची भिंत जवळजवळ उभी, तळ खोल, आणि पुढच्या कडेला किंचित उंचावलेला उंबरठा. नारळाच्या करवंटीचा कानशीने घासून धार काढलेला तुकडा यासाठी उत्तम हत्यार आहे. लहान गव्हरांना आमटीची पळी चालते. करवंटी वरून खाली ओढायची नाही. भिंतीजवळ रुतवायची, खाली दाबायची आणि पुढे येताना उचलायची. उचलली की उंबरठा आपोआप सुटतो. निम्म्या प्रतिकृतींमध्ये चूक इथेच होते. गव्हर नुसतं खाली वाहत जाणाऱ्या पन्हाळीसारखं होतं.

शिवलिंगाला तीन बाजूंनी कोरा. पश्चिमेला शिवलिंग आणि मेरूच्या मधून मेरू बामक उत्तरेकडे तपोवनाच्या दिशेने उतरतो. दक्षिणेला कीर्ती बामक आहे. तो पूर्वेकडे जाऊन मुख्य हिमनदीला मिळतो. पूर्वेला खुद्द गंगोत्री हिमनदी. तिन्ही बाजूंनी खोलगे मागे मागे सरकले की मध्ये जे उरतं ते गिरिशृंग, आणि दोन खोलग्यांमधली सुरीसारखी धार ते शुककूट. धार करताना एका बाजूने पूर्ण कोरून मग दुसरी बाजू घेऊ नका, कारण धार सरकत सरकत काडीपासून लांब जाते. एक ओरखडा इकडे, एक तिकडे, असं करत धार काडीवर आणा. जिथे दोन खोलगे पाठीला पाठ लावून भिडतात तिथे धार खचते आणि खिंड तयार होते.

वरचे ५-६ सेंमी कोरताना माती ढासळणारच, कारण उतार ६० अंशांच्या पुढे जातो. ढासळली तर ओल्या मातीचा गोळा चिकटवून डागडुजी करू नका. तो वाळल्यावर टोपीसारखा निघून येतो. तेवढा भाग काढून टाका, काडीभोवती गोणपाटाची चिंधी शाडूच्या राड्यात भिजवून गुंडाळा, अर्धा दिवस थांबा आणि त्यावर नवीन थर द्या.

मग दऱ्या. नदी दरी कोरते ती व्ही आकाराची, हिमनदी कोरते ती यू आकाराची. कारण नदी फक्त तळाला घासते, तर बर्फ तळ आणि दोन्ही भिंती एकाच वेळी घासतो. ३ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून त्याची अर्धी पन्हाळ करा आणि तिची गोल कड दरीत ओढत न्या. मुख्य हिमनदीची रुंदी या भागात दीड ते दोन किलोमीटर, म्हणजे १५ ते २० सेंमी. त्यामुळे तळ बऱ्यापैकी सपाट आणि फक्त कडा गोलाकार अशी दरी हवी. गोमुखाच्या खालचा २० सेंमीचा तुकडाही यू आकाराचाच ठेवा. बर्फ एकेकाळी आजच्या गोमुखाच्या कितीतरी किलोमीटर खाली पोहोचला होता. तिथे नदी दिसते म्हणून व्ही करू नका.

बाजूच्या लहान हिमनद्यांच्या दऱ्यांचा तळ मुख्य दरीच्या तळापेक्षा उंचावर सुटतो. लहान हिमनदीत बर्फ कमी असतो, त्यामुळे ती तितकी खोल खोदू शकत नाही. या लोंबत्या दऱ्या. पोरांचा हात त्या गुळगुळीत उतरवून मुख्य दरीत मिळवायला जातो, त्याला आवरा.

आता एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. उपग्रहाने मोजलेली उंची बर्फाच्या पृष्ठभागाची असते, खालच्या खडकाची नव्हे. म्हणून जिथे हिमनदी आहे तिथे काडीच्या टोकापेक्षा २ सेंमी जास्त खोल कोरा. तो खड्डा पुढे बर्फाने भरायचा आहे.

बर्फ आणि डबर

हिमनदी शाडूच्या दाट राड्याने भरा, काड्यांच्या टोकांपर्यंत. एकदम भरली तर कडेने सुटून भेग पडते. एक-एक सेंमीचे दोन थर द्या, मध्ये अर्धा दिवस ठेवा. उतार फार मंद असतो. १० सेंमी अंतराला जेमतेम अर्धा-पाऊण सेंमी चढ.

आडवा छेद वर आणि खाली वेगळा हवा. वरच्या भागात, जिथे बर्फ साठतो, तिथे पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट असतो. खालच्या भागात, जिथे वितळतो, तिथे मध्ये फुगीर आणि कडेला उतरता, कारण उन्हाने तापलेल्या भिंतींजवळ वितळणं जास्त होतं. समोच्च रेषा नीट बघितल्या तर हे नकाशातही दिसतं. वर त्या चढाच्या बाजूला वाकतात, खाली उताराच्या बाजूला.

शाडू अर्धवट ओला असताना ब्लेडने भेगा पाडा. खऱ्या हिमभेगा तीसेक मीटर खोल असतात, म्हणजे इथे ३ मिलिमीटर. रुंदी काही मीटर, म्हणजे ब्लेडचा एक ओरखडा पुरे. जिथे तळाचा उतार एकदम वाढतो तिथे आडव्या भेगा, एकाला एक लागून. काठाजवळच्या भेगा काठापासून आत येताना चढाच्या दिशेने साधारण ४५ अंशांत जातात, कारण मधला बर्फ काठाच्या बर्फापेक्षा वेगाने पुढे सरकतो आणि काठ ताणला जातो. उलट्या दिशेने पाडल्यात तर हिमनदी डोंगर चढतेय असा अर्थ होईल! गव्हराच्या मागच्या भिंतीशी, सरकणारा बर्फ जिथे भिंतीला चिकटलेल्या बर्फापासून सुटतो, तिथे एक लांब, सलग भेग द्या.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग पांढरा नाही. तो दगडधोंड्यांनी झाकलेला, राखाडी-मातकट आहे. गोमुखावर उभं राहून वर बघितलं तर दगडांची खाण वाटावी. इथे चुना फासला की प्रतिकृती कॅलेंडरवरच्या चित्रासारखी होते. क्रशरची चुरी आणा, पण आपल्याकडची काळी पडते आणि तिथला दगड फिकट ग्रॅनाइट आहे. म्हणून २ भाग चुरीला १ भाग रांगोळी मिसळा. शाडू ओलसर असतानाच चाळणीने पेरा आणि पुठ्ठ्याने हलकं दाबा. रक्तवर्ण बामकाच्या डबरात चिमूटभर गेरू टाका. बाकी कुठेही आपला लाल रंग दिसता कामा नये.

दोन हिमनद्या मिळतात तिथे त्यांच्या आतल्या कडांचा डबर एकत्र येतो आणि प्रवाहाच्या मधोमध पट्टा होऊन खाली जातो. हा मध्य हिमोढ. कीर्ती बामक मिळतो त्या ठिकाणापासून हा पट्टा सुरू करा आणि मुख्य प्रवाहाला समांतर न्या, तिरका नको.

पार्श्व हिमोढासाठी तीच चुरी शाडूत कालवून, हिमनदीच्या दोन्ही काठांनी १ ते २ सेंमी उंचीचे बांध घाला. माथा टोकदार, आतली बाजू जास्त उभी. आजची हिमनदी या बांधांच्या खाली बसलेली दिसली पाहिजे, कारण बर्फाची जाडी कमी झाली आहे आणि बांध जुन्या पातळीवरच राहिले आहेत. तपोवनाचा माळ असा बांधाच्या मागे, शिवलिंगाच्या पायथ्याशी आहे. हिमनदीवरून तिथे चढायचं तर या ढासळत्या बांधावरूनच. चतुरंगी मिळते त्या कोपऱ्यात, भागीरथीच्या पायथ्याशी नंदनवन येतं.

टोकाला, गोमुखापाशी, बर्फाची उभी तुटलेली भिंत ठेवा. अर्धा सेंमीच, जास्त नाही. खाली एक लहान भोक आणि तिथून भागीरथी. पाणी निळं रंगवू नका. खडकाच्या पिठामुळे ते गढूळ, दुधाळ राखाडी असतं. गोमुख मागे सरकतं आहे. १९३५ पासूनच्या मोजण्यांवरून वर्षाला सरासरी २० मीटरच्या आसपास, म्हणजे या प्रमाणात वर्षाला २ मिलिमीटर. जुन्या टोकांच्या जागी नदीकाठी बारीक चुरीच्या कमानी टाकून वर्षं लिहिलीत तर बघणारे तिथेच जास्त वेळ उभे राहतात.

रंग आणि हिम

खडकावर शाडू, चुरी आणि थोडी कोळशाची पूड यांचा पातळ राडा फिरवा. भागीरथी शिखरांवर खाली फिकट ग्रॅनाइट आणि माथ्याकडे काळपट, ठिसूळ खडक असा ठळक बदल आहे. तो दाखवाच.

हिम ब्रशने लावू नका. एका भाग फेविकॉलला चार भाग पाणी घालून फवारा मारा, आणि रांगोळी मलमलच्या फडक्यातून फूटभर उंचीवरून सरळ खाली गाळा. मंद उतारावर ती थांबते, ५५-६० अंशांच्या पुढच्या कड्यांवर टिकत नाही. खरं हिमही असंच वागतं, त्यामुळे खडकाचे काळे कडे आपोआप उघडे राहतात. साधारण ५,००० मीटरच्या, म्हणजे १२ सेंमीच्या, वर सलग हिम आणि खाली फक्त सावलीच्या खोबणींत. उत्तरेकडे बघणाऱ्या उतारांवर ही रेघ थोडी खाली उतरवा, दक्षिणेकडच्यांवर वर चढवा. प्रतिकृती उत्तरेला लावली असेल तर उन्हातच याचं कारण दिसतं. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे दुपारचा सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांवर असतो, शिवलिंगाजवळ ४३ अंशांवर. संध्याकाळी दक्षिणेकडून ४३ अंशांत बॅटरी धरा आणि कुठल्या खोबणी अंधारात राहतात ते बघा. तिथे आणखी रांगोळी गाळा.

झाडं लावू नका. एकही नाही. भोजाची (भूर्जाची) झाडं गोमुखाच्या खालच्या भोजबासाच्या बाजूला, चौकटीबाहेर. अळीव-मोहरी पेरायचाही मोह टाळा. तपोवनाच्या माळावर पिवळसर-हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा पुरे. गंगोत्रीचं मंदिर गोमुखापासून १८ किमीच्या आसपास खाली, तेही बाहेरच. आणि मावळे? या प्रमाणात माणूस मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून लहान भरतो. खेळण्यातला मावळा इथे ठेवला तर तो पाचशे मीटरचा राक्षस होतो.

वाळवताना पहिले दोन दिवस सावली आणि ओलसर गोणपाट. केसासारख्या भेगा पडल्या तर शाडूचं पातळ पाणी ब्रशने भरा. परतीचा पाऊस ऐन वेळी येतो, तेव्हा ताडपत्री अंगावर न टाकता चार खुंट्यांवर बांधा, नाहीतर ती शिवलिंगाचं टोक घेऊन जाते. रात्री कुत्री-मांजरं वाळू समजून हिमनदीवर बसतात. कडेने विटांची एक रांग आणि वर जाळी ठेवा.

फलक टाचणीवर, छोटे ठेवा: नाव आणि उंची, बस्स. खाली एक मोठा फलक हवा, त्यात प्रमाण, उत्तर दिशा आणि हिमगव्हर, शुककूट, हिमोढ यांची खूण. शेजारची कानडी पोरंही बघायला येतात, त्यांच्यासाठी तेच कन्नडमध्येही लिहा. मोडताना काड्या उपटून, धुऊन, क्रमांकाप्रमाणे जुड्या बांधून ठेवा आणि आकड्यांचा तक्ता त्यांच्यासोबत पिशवीत टाका. पुढच्या वर्षी नकाशा आणि काड्यांचं काम वाचतं आणि थेट मातीपासून सुरुवात करता येते.